मोजणीचं दुकान

हात्सुए कोउनोला गाण्यातलं काहीही कळत नव्हतं. हे मी मत्सराने म्हणत नाही. म्हणजे मत्सराने म्हणते, पण ते खरंही आहे. कुणी गिऱ्हाईक तिच्या दुकानात येऊन दोन ओळी गुणगुणलं आणि "हे गाणं आहे का हो?" म्हणालं, की ती जाड चष्म्यातून त्याच्याकडे बघत राहायची आणि शेवटी सांगायची, "तुम्ही निनोमियांकडे जा, त्या ओळखतील." निनोमिया म्हणजे मी. मी एका ओळीत ओळखायची. गायक, साल, मागच्या बाजूचं गाणं, सगळं सांगायची. गिऱ्हाईक मनापासून आभार मानायचं आणि परत जाऊन तबकडी तिच्याकडून विकत घ्यायचं.

आमच्या यावाताहामा गावात बंदरापासून वर जाणारा छताचा बाजार आहे. माझं दुकान बंदराच्या तोंडाशी. तिचं आत, वळणाच्या पलीकडे, सव्वाशे पावलांवर. मी पावलं मोजली आहेत. माझं दुकान माझ्या नवऱ्याने काढलं होतं. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली, पण दुकान मी चांगलं चालवलं. हात्सुएला दुकान वडिलांकडून मिळालं. लग्न केलं नाही, नटणंमुरडणं नाही, बाहीवर निळ्या कापडाच्या खोळी चढवून दिवसभर गल्ल्यामागे उभी. गाणी विकायची आणि स्वतः ऐकायची काय, तर रेडिओवरचे शाळकरी पोरांचे बेसबॉलचे सामने.

तरी टोकियोने निवडलं तिला.

देशातल्या गाण्यांची दर आठवड्याची क्रमवारी निघते, ती कशी निघते ते तेव्हा फार लोकांना ठाऊक नव्हतं. लोकांना वाटायचं देशभरातल्या सगळ्या दुकानांची विक्री मोजतात. तसं नव्हतं. ठरावीक दुकानं होती, गावोगावी पसरलेली. दर सोमवारी सकाळी दहाला ती दुकानं टोकियोला फोन करून मागच्या आठवड्याचे आकडे सांगायची आणि त्यावरून अख्ख्या देशाचा अंदाज बांधला जायचा. मला हे एका रेकॉर्ड कंपनीच्या विक्रेत्याने समजावलं होतं. तो म्हणाला, "कोउनोंच्या दुकानातली एक तबकडी टोकियोत पोचेपर्यंत वीस-तीस होते."

"आणि माझ्याकडची?" मी विचारलं.

तो ओशाळून हसला आणि चहा छान झालाय म्हणाला.

कुठली दुकानं मोजणीची ते गुपित असायचं. आमच्या बाजारात हे गुपित दोन दिवस टिकलं. टाय लावलेला परका माणूस हात्सुएकडे दोन तास बसून गेला, एवढं आम्हाला पुरेसं होतं. त्यानंतर कंपन्यांची मोठी रंगीत चित्रं तिच्याकडे, नव्या तबकड्या आधी तिच्याकडे, आणि फिरतीवर आलेले गायक तिच्या दारात. आमच्याकडे अशी पद्धत की नवा गायक दुकानाबाहेर संत्र्यांचं खोकं पालथं घालून त्यावर उभा राहतो, दोन गाणी म्हणतो, आणि ऐकणाऱ्यांनी तिथेच तबकडी घ्यायची. पूर्वी ते खोकं माझ्या दारात असायचं. मग ते वळणापलीकडे गेलं. मी माझ्या दारात उभी राहून दुसऱ्याच्या दारातली गाणी ऐकायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

मोजायला मात्र हात्सुए पक्की, हे मलाही कबूल करावं लागतं. प्रत्येक तबकडी विकली की कागदावर एक रेघ. पाच रेघांचं एक जपानी चित्राक्षर पुरं व्हायचं, मग पुढचं. तबकडी परत आली की रेघ खोडायची. एकदा सोमवारी फोन करून झाल्यावर तिला आठवलं की एक माणूस शनिवारी तबकडी बदलून घेऊन गेला होता. तिने पुन्हा टोकियोला फोन लावला आणि एक कमी करा म्हणाली. एकासाठी! दुसऱ्या एका वेळी कुणा गायकाची माणसं पन्नास तबकड्या घ्यायला आली. तिने एक दिली आणि म्हणाली, "बाकी एकोणपन्नास लोकांना पाठवा." केशकर्तनालयाच्या तानिगुची म्हाताऱ्याने हा किस्सा बाजारभर केला. सगळे तिची वाहवा करत होते आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबत होत्या. मला पन्नास तबकड्या विकत मागायला कुणी आलंच नव्हतं, तर मी प्रामाणिक राहू तरी कशी?

१९८१ साली माझ्या धाकट्या भावाची, सादाओची, पहिली तबकडी निघाली.

सादाओ तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. माझ्या दुकानात, माझ्या मांडीवर बसून तो गाणं शिकला. विसाव्या वर्षी घर सोडून ओसाकाला गेला आणि जवळजवळ वीस वर्षं दारूच्या गुत्त्यांत, नाचघरांत गायला. आवाज होता, नशीब नव्हतं. अखेर एका छोट्या कंपनीने त्याचं 'बेप्पूला जाणारी बोट' हे गाणं काढलं. आमच्या बंदरातून बेप्पूला बोट जाते, त्याच बोटीवरचं गाणं. कंपनीने स्पष्ट सांगितलं होतं की गाणं पहिल्या शंभरात आलं तर दुसरी तबकडी, नाही तर रामराम. शंभरापर्यंतचीच यादी छापली जायची. एकशे एकावा आणि एक हजारावा दोघंही सारखेच.

नोव्हेंबरच्या एका रविवारी सादाओ गावात गायला येणार, त्याच दिवशी सगळ्या गावाने तबकडी घ्यायची, असं ठरलं. कुठे घ्यायची ते कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती. सादाओ आदल्या दिवशी दुपारी घरी आला. मी त्याच्यापुढे भात आणि गरम जाकोतेन ठेवले. माशाच्या त्या तळलेल्या चकत्यांसाठी तो ओसाकात रडायचा म्हणे. दोन घास खाल्ल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, उद्या मी कोउनोंच्या दारात गाणार. कंपनीने ठरवलंय."

"गा की. तोंड तुझं आहे."

"तुला राग आलाय."

"मला कसला राग? सख्ख्या बहिणीचं गाण्याचं दुकान असताना भाऊ दुसऱ्याच्या दारात खोक्यावर चढतोय, यात रागावण्यासारखं काय आहे?"

"ताई, तिथे मोजतात गं."

"मी काय बोटं तोडून ठेवलीत माझी?"

आई संत्र्यांच्या बागेतून नुकतीच उतरली होती. चौऱ्याहत्तराव्या वर्षीही ती डोंगरावर चढून संत्री तोडायची. बागांमध्ये तोडणीच्या दिवसांत कर्णे लावतात, त्यावरून त्या आठवड्यात रोज सकाळी सात वाजता सादाओचं गाणं वाजत होतं. ती पायातलं काढता काढता म्हणाली, "मीसुद्धा हात्सुएकडूनच घेणार. माझ्या बरोबरीच्या सगळ्या बायांना घेऊन जाणार."

"आई, मी तुझ्या पोटची मुलगी आहे!"

"पोटची आहेस," आई म्हणाली, "मोजणीची नाहीस."

सादाओ हसला. तो हसला हेच मला लागलं. आई तशीच बोलते, तिचं मी कधी मनावर घेत नाही. पण तो हसला. मी ताट उचललं आणि आत गेले. हे सगळं मी इतकं सविस्तर सांगते, कारण पुढे मी जे केलं त्याला काहीतरी कारण असावं असं मलाही वाटतं.

मी सादाओला पन्नास चौकोनी पुठ्ठ्यांवर सह्या करायला लावल्या. "मित्रमंडळींना द्यायच्यात," म्हणाले. त्याने शाईने सुंदर सह्या केल्या. रविवारी सकाळी मी ते पुठ्ठे दुकानाच्या काचेत मांडले. मध्ये त्याचा सात वर्षांचा असतानाचा फोटो लावला, पुढचा दात पडलेला. आईच्या बागेतल्या संत्र्यांच्या जाळीच्या पिशव्या भरून दारात ठेवल्या आणि पाटी लावली: एका तबकडीबरोबर एक पिशवी. मग चांगला किमोनो नेसून दारात उभी राहिले.

बंदराकडून येणाऱ्या माणसाला आधी माझंच दुकान लागतं. कोळी आले, बेटांवरची माणसं पहिल्या बोटीने आली, डोंगरातल्या बाया आल्या. त्यांतल्या पुष्कळांना मोजणीबिजणी माहीत होती. पण आमची माणसं कशी आहेत ते मला चांगलं ठाऊक होतं. गायकाची सख्खी बहीण दारात उभी राहून कमरेत वाकून नमस्कार करतेय, तिच्यासमोरून नुसतं पुढे कसं जायचं? कुणाची छाती होत नाही. थांबायचे, चुळबुळ करायचे. एक जण धीर करून म्हणाला, "निनोमिया-सान, आत कोउनोंकडे घेतली तर सादाओला बरं ना?"

"गाणं तेच आहे ना?" मी हसून म्हटलं. "मग दुकान कुठलं का असेना. आणि संत्री आमच्या आईने तोडलीत."

त्याने घेतली. त्याच्या मागच्यानेही घेतली. वळणापलीकडून सादाओचा आवाज येत होता. तो त्या दिवशी कधी नव्हे इतका सुंदर गात होता, आणि त्याच वेळी माझे हात तबकड्या कागदात गुंडाळत होते. मी स्वतःला सांगत होते की कंपनीला शेवटी खप कळतोच, क्रमवारी म्हणजे काय ब्रह्मवाक्य आहे? ते खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. संध्याकाळी दुकान बंद करताना मी मोजलं. दोनशे बारा. तानिगुची म्हाताऱ्याकडून कळलं की हात्सुएकडे एकशे सत्याऐंशी गेल्या होत्या. दहा वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यापेक्षा जास्त विकलं होतं. त्या दिवशी मी जेवले छान.

सोमवारी सकाळी साडेनऊला हात्सुए माझ्या मागच्या दाराने आली. बाहीवर निळ्या खोळी, हातात तो रेघांचा कागद आणि पेन्सिल. दहा वर्षांत ती माझ्या दुकानात पहिल्यांदा येत होती.

"तोकिको-सान, काल तुमच्याकडे सादाओ-सानच्या किती गेल्या?"

"का? तुमच्या कमी पडल्या का?"

"नाही. म्हणजे, हो. कमी पडतील असं वाटतंय." ती जमिनीकडे बघत बोलत होती. "दहाला फोन करायचाय. मी विचार केला, दुकानं दोन असली तरी माणसं तर आपल्याच गावची. काल ज्यांनी घेतली त्यांनी खरोखरच घेतली. कुणी खोटंखोटं नाही घेतली. म्हणून... तुमचा आकडा सांगितलात तर मी माझ्यात मिळवते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. जी बाई एका रेघेसाठी टोकियोला दुसऱ्यांदा फोन करते, ती माझ्या भावासाठी खोटा आकडा सांगायला तयार झाली होती. पेन्सिल कागदावर टेकवून ती माझ्या आकड्याची वाट बघत होती. मला तेव्हा तिचे पाय धरायला हवे होते.

पण माझ्या मनात काय आलं ते सांगते. माझ्या मनात आलं, माझ्या दोनशे बारा तबकड्या हिच्या नावाने टोकियोला जाणार. मी पहाटे उठून भरलेल्या पिशव्या, मी मारलेल्या हाका, माझा भाऊ, आणि आकडा हिचा. आयुष्यात एकदा मी जिंकले, तर तेही हिच्या कागदावर हिच्या रेघा बनून जाणार.

"अकरा," मी म्हणाले.

तिने मान वर केली. "अकरा?"

"अकरा. सगळे तुमच्याकडेच आले ना. आमच्याकडे कोण येतंय?"

रिकामी खोकी पडद्यामागे होती. तिने पडद्याकडे पाहिलंही नाही. ती हळहळली. खरोखर माझ्यासाठी हळहळली. "फार वाईट झालं हो," म्हणाली, वाकून नमस्कार केला आणि निघून गेली. दहाचा भोंगा झाला तेव्हा मी दुकानात उभी होते. अजूनही पळत जाता आलं असतं. सव्वाशे पावलं तर होती.

पुढच्या आठवड्यात कंपनीच्या माणसाचा फोन आमच्या घरी आला. छापील शंभरात गाणं नव्हतं. त्याने ओळखीतून काढलं होतं, एकशे चौथा नंबर. सादाओने फोन ठेवला आणि म्हणाला, "चार नंबरांनी हुकलं गं ताई. आपलं गावच लहान, त्याला कोण काय करणार?" आई बागेत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्ण्यावर दुसरंच गाणं लागलं. माझ्याकडून घेतलेल्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, प्रत्येकाला वाटत होतं की चूक आपल्या एकट्याचीच झाली.

सादाओ ओसाकाला परत गेला नाही. जाकोतेनच्या कारखान्यात लागला. पहाटे माशाचा लगदा वाटायचा, दिवसभर कढईसमोर. पोरगा स्वभावाने चांगला, कुढत बसला नाही. वर्षअखेरच्या जेवणावळींत लोक आग्रह करतात तेव्हा गातो. लोक त्याला 'एकशे चार' म्हणून हाका मारतात आणि तोही ओ देतो. मला मात्र ती हाक ऐकवत नाही. मी उठून स्वयंपाकघरात जाते.

मोजणी बदलली. यंत्रं आली, तबकड्यांवर बारकोडच्या काळ्या पट्ट्या आल्या, आकडे आपोआप टोकियोला जाऊ लागले. रेघा मारणाऱ्या बाईची कुणाला गरज उरली नाही. १९९७ च्या वसंतात हात्सुएने दुकान बंद केलं. माझं अजून चालू होतं, आणि मला वाटलं होतं की त्या दिवशी मला आनंद होईल. शेवटच्या दिवशी ती आपल्या पद्धतीप्रमाणे सगळ्या दुकानांत निरोप घ्यायला आली, माझ्याकडे सर्वांत शेवटी. मी चहा दिला. तिने तो घेतला नाही. गुडघ्यांवर बसली, दोन्ही हात चटईवर टेकले आणि कपाळ खाली नेलं.

"अहो, हे काय? उठा आधी!"

"तोकिको-सान, मी एकदा खोटा आकडा सांगितला होता. आयुष्यात एकदाच. तुमच्या त्या अकरा मी माझ्यात मिळवल्या. एकशे अठ्ठ्याण्णव सांगितले." तिचा आवाज बसला होता. "करू नये ते केलं आणि उपयोगही झाला नाही. सोळा वर्षं मला सादाओ-सानच्या तोंडाकडे बघवलं नाही. ते आले की मी आत जायची. त्यांना वाटत असेल, ही बाई किती शिष्ट आहे. मला माफ करा."

सोळा वर्षं. अकरा तबकड्यांसाठी. मी सोळा वर्षं भावाच्या हातचे गरम जाकोतेन खात होते. मला तिचा इतका हेवा वाटला म्हणून सांगू. तिच्या दुकानाचा, त्या खोक्याचा, टोकियोच्या फोनचा कधी वाटला नसेल इतका तिच्या त्या पापाचा वाटला. केवढंसं होतं ते. तेवढंच पाप माझ्या वाट्याला आलं असतं तर मी ते मिरवलं असतं.

"अकरा नव्हत्या," मी म्हणाले. "दोनशे बारा होत्या."

ती उठून बसली. चष्म्यामागचे डोळे जरा वेळ माझ्यावर होते, मग माझ्यावरून निघून भिंतीवर गेले. मला वाटलं ती रडेल, ओरडेल. पण ती हात्सुए होती. तिचे ओठ हलत होते. तो आठवडा, त्या आठवड्यातली बाकीची गाणी, त्यांचे आकडे, सगळं तिच्या डोक्यात तसंच्या तसं होतं. ती हिशेब करत होती. तिला तो केल्यावाचून राहवलंच नसतं.

"त्र्याऐंशीवा नंबर," ती हळूच म्हणाली. "फार तर चौऱ्याऐंशी."

तिने चपला घातल्या. दारात थांबून तिने विचारलं, "सादाओ-सानना माहीत आहे?"

"नाही."

"मग?"

"मी सांगेन," मी म्हणाले.

तिने मान हलवली आणि नमस्कार न करता निघून गेली. मागच्या वर्षी ती वारली. सादाओ तिच्या अंत्यविधीला जाऊन आला आणि म्हणाला, बाई जरा शिष्ट होती, पण प्रामाणिक होती. मी सांगेन म्हणाले त्याला आता सात वर्षं झाली. ती माझ्या जागी असती तर त्याच संध्याकाळी कारखान्याच्या दारात जाऊन सांगून मोकळी झाली असती, आणि याचाही मला हेवा वाटतो.